जुन्या संगणकावर नवी कोडी

चांगल्या कोड्यांच्या खेळांना महागडा संगणक लागतो, हा समज पझलस्क्रिप्टने खोटा ठरवला. स्टीफन लॅव्हेल यांनी 2013 मध्ये खुले केलेले, कोड्यांचे खेळ रचण्याचे हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. त्यात रचलेले खेळ इतके हलके की खामगाव-मेहकरसारख्या गावांतल्या मंद नेटवरही उघडावेत. इतर कोड्यांच्या खेळांत इंग्रजीची अडचण? फिनलंडच्या आर्वी टेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’मध्ये शब्द ढकलूनच नियम बदलतात, तिथे ती जाणवेल, पण मुंबईच्या यलो मंकी स्टुडिओजचा ‘ह्यूब्रिक्स’ (2012) रंगीत रेषांनी चौकटी भरायला लावतो, तिथे भाषा आड येत नाही. ऑनलाइन दुकानांच्या खपाच्या यादीत छोट्या निर्मात्यांचे खेळ अनेकदा मागे पडतात. म्हणून आवडलेल्या खेळाच्या निर्मात्याचे नाव टाकून त्याचे इतर खेळ शोधावेत. इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावर ‘पझल’ विभागात मोफत खेळही भरपूर आहेत.