पुन्हा लढलेली लढाई

जेरेमी डेलर या ब्रिटिश कलावंताला चित्र काढता येत नाही, असं तो स्वतःच सांगतो. तरी 2004चा टर्नर पुरस्कार त्याच्याकडेच गेला. त्याची कला म्हणजे माणसं जमवणं.

18 जून 1984. इंग्लंडमधल्या ऑरग्रीव्ह इथं संपकरी खाणकामगारांवर घोडेस्वार पोलीस धावून गेले. तरुण डेलरनं ते टीव्हीवर पाहिलं. 95 कामगारांवर खटले भरले गेले. पुढच्याच वर्षी ते खटले कोर्टात कोसळले. पण ‘दंगलखोर’ हा शिक्का काही पुसला गेला नाही.

डेलरनं 2001मध्ये त्याच गावात ती चकमक पुन्हा घडवली. सुमारे 800 जण जुन्या लढायांचे हौशी प्रयोग करणारे होते, तर 200च्या आसपास खुद्द माजी खाणकामगार. त्यातले काही चक्क पोलिसांच्या गणवेशात उभे राहिले! माइक फिगिसनं त्यावर माहितीपट केला.

मी गिरणगावात वाढलो. संप म्हणजे काय, ते घरच्या चुलीवरून कळलं. म्हणून त्या माहितीपटातली धावपळ मला तितकीशी भिडली नाही. भिडला तो कॅमेऱ्यासमोर बोलताना पिकल्या केसांच्या कामगारांच्या आवाजातला संतापाचा न विझलेला निखारा. हरलेल्यांची बाजू त्यांच्याच तोंडून नोंदवणं, हेच डेलरचं खरं काम.

ऑरग्रीव्हच्या चौकशीची घोषणा ब्रिटिश सरकारनं केली ती थेट 2025 साली. कलावंत सरकारच्या चोवीस वर्षं आधी तिथं पोहोचला होता.