एंजिन बदलताना: निर्वात आणि इंधन

भारतात जुन्या पेट्रोल जीपमध्ये किंवा मोटारीत डिझेल एंजिन बसविण्याची रीत कित्येक वर्षे रूढ होती. डिझेल स्वस्त मिळे व तेवढ्याच इंधनात गाडी अधिक अंतर कापी, हे त्याचे उघड कारण. (१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमामुळे असा बदल मनमानीने करता येत नाही, तो भाग येथे बाजूस ठेविला आहे.) एंजिन आधारांवर बसले, गिअरपेटीशी जुळले आणि सुरू झाले की काम संपले, असा समज मात्र घातक आहे. पेट्रोल एंजिन गाडीस गती देते, त्याखेरीज आणखी एक काम ते मुकाट्याने करीत असते. डिझेल एंजिन ते काम करीत नाही, आणि ही उणीव बहुधा उतारावर ब्रेक दाबताना प्रथम कळते.

पेट्रोल एंजिनाच्या हवेच्या वाटेत थ्रॉटलची पाकळी असते. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलला की ती जवळजवळ मिटते. दट्ट्ये मात्र हवा ओढीतच राहतात. त्यामुळे पाकळीपलीकडील नळीतील दाब उतरतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो. सुस्थितीतील एंजिन मंद गतीने चालत असता या नळीतील दाब त्याहून सुमारे ४५० ते ५०० मिलिमीटरांनी कमी भरतो. कारागीर यालाच ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. काटेकोर अर्थाने हा निर्वात नव्हे, केवळ विरळ हवा होय.

या विरळ हवेवर ब्रेकचा बूस्टर चालतो. बूस्टर म्हणजे पडद्याने दुभागलेला पत्र्याचा डबा. पाय उचललेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंस विरळ हवा असते. पाय दाबताच मागील बाजूस बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर व दाबातील फरक ५०० मिलिमीटर धरल्यास हा जोर सुमारे २१० किलोग्रॅम भाराइतका येतो. हे साहाय्य नाहीसे झाले तरी ब्रेक लागतो, पण चालकास पायाचा जोर कितीतरी अधिक लावावा लागतो, आणि तेवढा जोर ऐन वेळी सर्वांनाच लावता येतो असे नाही.

डिझेल एंजिनात गती हवेवर नव्हे, तर इंधनाच्या मात्रेवर नियंत्रित होते. हवेची वाट सदा मोकळी असते, म्हणून तेथे उपयोगी पडेल असा निर्वात निर्माण होत नाही. (काही जुन्या डिझेल एंजिनांत नियंत्रकासाठी लहान पाकळी असे, तिच्यावर ब्रेक सोपवू नये.) यासाठी वेगळा पंप जोडावा लागतो. तो पुष्कळदा अल्टरनेटरच्या मागे बसविलेला असतो व त्याच्या पात्यांना एंजिनातील तेल पुरविले जाते. हे तेल परत नेणारी नळी अरुंद असून चालत नाही. तेल साचले की पंप बिघडतो. बूस्टरकडे जाणाऱ्या वाटेत एकमार्गी झडप हवी, आणि नळी जाड भिंतीची हवी; साधी रबरी नळी आतल्या आत चपटी होते.

इंधनाची व्यवस्थाही मुळापासून बदलते. कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचविण्यास दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोग्रॅमहून कमी दाब पुरतो. डिझेलच्या इंजेक्टरचे तोंड उघडण्यास शंभराहून अधिक किलोग्रॅमांचा दाब लागतो. पाणी वेगळे करणारा गाळणीसंच तेथे आवश्यक आहे. शिवाय इंजेक्टरमधून झिरपलेले व पंपातून उरलेले इंधन टाकीत परत नेणारी दुसरी नळी लागते, आणि जुन्या टाकीला तिच्यासाठी तोंड नसले तर ते नव्याने पाडावे लागते. येथेच सर्वांत मोठा धोका आहे. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीहून भयंकर असते, कारण तिच्यात हवा व पेट्रोलची वाफ यांचे स्फोटक मिश्रण भरलेले असते. तिला गाडीवर असतानाच झाळ लावणे म्हणजे जिवाशी खेळ होय. नवी टाकी घेणे उत्तम.

टाकीपासून पोचपंपापर्यंतच्या नळीत दाब वातावरणाहून कमी असतो. येथे भेग पडली तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट हवा आत शिरते. नळी कोरडी, जोड स्वच्छ, आणि तरी एंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते! हवा दाबली जाते, म्हणून इंजेक्टर उघडत नाही. गाळणीवरील स्क्रू सैल करून, हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत इंधन सोडल्यास हवा निघते. ती पुनःपुन्हा शिरत असेल तर पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडून तिची वाट शोधता येते.

गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी ब्रेकची परीक्षा उभ्या गाडीवरच करावी. एंजिन बंद असता ब्रेक घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावा, पाय तसाच ठेवून एंजिन सुरू करावे. पायाखालील पट्टी किंचित खाली गेली तर बूस्टरला निर्वात मिळत आहे. नंतर एंजिन बंद करून काही मिनिटांनी ब्रेक पुन्हा दाबावा. पहिला दाब हलका लागला तर झडप व नळी शाबूत आहेत. पहिल्याच दाबास पट्टी कठीण लागली, तर गळती शोधल्याखेरीज गाडी हलवू नये.