तीस वर्षं मुरलेला वाद

२४ मे २००६ रोजी लंडन आणि कॅलिफोर्नियातलं नापा या दोन गावी एकाच वेळी एक परीक्षा मांडली गेली. दोन्हीकडे नऊ-नऊ परीक्षक, प्रत्येकापुढे रेड वाइनचे दहा ग्लास. चार वाइन फ्रान्समधल्या बोर्दोच्या, सहा कॅलिफोर्नियाच्या. कुठल्या ग्लासात कोण, हे झाकलेलं. त्यातली सर्वांत तरुण वाइन ३३ वर्षांची होती.

या परीक्षेचं मूळ बरोबर तीस वर्षं मागे, पॅरिसमध्ये होतं. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या तिथे दुकान थाटलेल्या इंग्रज वाइनविक्रेत्याने नऊ नामवंत फ्रेंच परीक्षकांना बोलावून फ्रान्स आणि कॅलिफोर्निया यांच्या वाइन झाकून चाखायला दिल्या. फ्रान्सच जिंकणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. खात्री इतकी, की पत्रकार म्हणून तिकडे फिरकला तो ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर एकटाच. त्याच्यासमोरच एका परीक्षकाने नापाची व्हाइट वाइन चाखून ‘आलो बुवा फ्रान्सला परत’ अशा अर्थाचे उद्गार काढले. गुणांची बेरीज झाली तेव्हा व्हाइटमध्ये कॅलिफोर्नियाची ‘शातो माँटेलेना’ पहिली होती आणि रेडमध्ये ‘स्टॅग्ज लीप’. दोन्ही १९७३ सालच्या. स्टॅग्ज लीपची द्राक्षं तर जेमतेम तीन वर्षांच्या वेलींवरची.

फ्रेंचांचा आक्षेप लगेच आला. कॅलिफोर्नियाची वाइन लहान वयात मन जिंकते, पण बोर्दोची खरी चव वयाबरोबर उघडते. तेव्हा दहा-वीस वर्षं थांबा, मग बोला. हरलेल्या पक्षाची सबब म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण या सबबीत एक भाकीत होतं, आणि ते पडताळून पाहता येणार होतं. फक्त धीर हवा होता.

वाइन जुनी होते म्हणजे नक्की काय होतं? आपल्याकडे लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. वाइनलाही हा शब्द चपखल बसतो, फक्त तिचं मुरणं बुचाआड, अंधारात आणि कमालीच्या संथपणे चालतं. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतात. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कच्ची सुपारी चघळल्यावर तोंडाला कोरड पडते, ती याच जातकुळीच्या रेणूंमुळे. लाळेतली प्रथिनं जीभ बुळबुळीत, ओलसर ठेवतात. टॅनिन त्यांना चिकटून त्यांचा साका करतात आणि जीभ खरखरीत होते. यालाच आपण तुरटपणा म्हणतो. कॅबर्ने द्राक्षाची तरुण वाइन या तुरटपणाने कधी कधी अक्षरशः तोंड आवळते.

वर्षं सरतात तसे हे टॅनिन एकमेकांशी आणि सालीतल्या जांभळ्या रंगद्रव्यांशी, म्हणजे अँथोसायनिनशी, जोडले जातात. त्यातून तयार होणाऱ्या मोठ्या रेणूंचा रंग जांभळा नसतो, विटकरी असतो. काही रेणू इतके वाढतात की द्रवात तरंगत राहू शकत नाहीत आणि गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जाणकार ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरतात आणि वाइनची कड पाहतात. कडेला जांभळी झाक असेल तर वाइन तरुण. जुन्या वाड्याच्या कौलासारखी तांबूस-तपकिरी असेल तर तिने बाटलीत बरीच वर्षं काढली आहेत. वासही बदलतो. ताज्या फळाचा गंध मागे हटतो आणि तंबाखूची पानं, चामडं, पावसाने भिजलेला पालापाचोळा असे वास पुढे येतात.

या सगळ्याला थोडा प्राणवायू लागतो. लुई पाश्चरने १८६६ मध्ये वाइनवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात काचेच्या बंद नळ्यांत वाइन भरून केलेले प्रयोग आहेत. हवा अजिबात न मिळालेली वाइन जवळपास तशीच राहिली, हवा मिळालेली बदलत गेली. बुचातून हवा झिरपते ती किंचित. तेवढी वाइनला मुरवते. जास्त झाली की बिघडवते. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. सुकून आकसलेलं बूच म्हणजे उघडं दार.

दुसरा सूत्रधार तापमान. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. सुमारे १७० वर्षं त्या पन्नासेक मीटर खोल अंधारात, जेमतेम २ ते ४ अंश तापमानात पडून होत्या. फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्यांचं विश्लेषण केलं तेव्हा साखर लिटरला १४० ग्रॅमहून अधिक निघाली. आजच्या ‘ब्रूट’, म्हणजे कमी गोड, शॅम्पेनमध्ये ती १२ ग्रॅमपर्यंतच असते. पहिल्या हुंगण्यात ओल्या केसांचा आणि चीजचा वास आला. ग्लास हलवून जरा हवा लागू दिल्यावर फुलांचा, धुराचा, चामड्याचा गंध वर आला. थंडीने रासायनिक क्रिया इतक्या मंदावल्या होत्या की दीड शतकानंतरही त्या वाइनमध्ये जीव होता.

प्रदेशाप्रदेशानुसार म्हातारपणाच्या तऱ्हा निराळ्या. रीसलिंग ही व्हाइट वाइन जुनी झाली की तिला चक्क रॉकेलसारखा वास येतो. तो टीडीएन नावाच्या रेणूचा. गाजराला केशरी रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांपासून तो बनतो, आणि द्राक्षांवर ऊन जास्त पडलं की त्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या उन्हातली रीसलिंग जर्मनीतल्या थंड मोझेल खोऱ्यातल्या भगिनीपेक्षा हा वास लवकर दाखवते. फ्रान्सच्या ज्युरा भागातली ‘व्हाँ जोन’ पिंपात यीस्टच्या सायीखाली सहा वर्षं तीन महिने ठेवल्याशिवाय विकता येत नाही. तिच्यात सोटोलॉन नावाचा रेणू साठतो, आणि त्याचा वास मराठी नाकाला अनोळखी नाही. मेथीच्या लाडवांच्या दिवसांत घामाला जो वास येतो, तो याच सोटोलॉनचा. जुन्या मदिरा वाइनमध्येही तो असतो. पोर्तुगालच्या मदिरा बेटावरची ही वाइन हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजांतून विषुववृत्त ओलांडायची आणि उष्ण कटिबंधातल्या उकाड्याने तिची चव सुधारते, असं व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं. जी उष्णता बोर्दोला मारते, तिनेच मदिरा घडवली.

मग अशा वाइनची तुलना करणाऱ्या जिभेवर भरवसा किती ठेवायचा? २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन तांबडा रंग मिसळून दिली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला फितवलं. कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनात रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहात एक भरले. १९७६ च्या पॅरिसलाही हाच नियम लागू होतो. स्टॅग्ज लीप आणि दुसरी आलेली बोर्दोची ‘मुताँ रोथशिल्ड’ यांच्यातलं अंतर अगदी नाममात्र होतं. एवढ्या फरकावर देशांची प्रतवारी लावणं धाडसाचंच.

मात्र भाकिताची गोष्ट वेगळी. फ्रेंचांचं म्हणणं खरं असतं, तर काळ जाईल तशी कॅलिफोर्निया घसरायला हवी होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला त्या दहांपैकी नऊ रेड वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पॅरिसमध्ये आठवी आलेली कॅलिफोर्नियाची ‘क्लो द्यू व्हाल’ पहिली आली. २००६ च्या त्या दुहेरी परीक्षेत ‘रिज माँटे बेलो १९७१’ने १३७ गुण घेतले, दुसरी आलेली स्टॅग्ज लीप ११९ वर थांबली. पॅरिसमध्ये हीच रिज पाचवी होती. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाला गेल्या आणि पहिली फ्रेंच वाइन, मुताँ, सहावी आली.

यात चमत्कार नाही. माँटे बेलोचा मळा सांताक्रूझ डोंगररांगेत उंचावर आहे. तिथलं थंड हवामान द्राक्षातलं आम्ल टिकवतं, आणि जाड सालीचं कॅबर्ने टॅनिन भरपूर देतं. वाइन टिकते ती आम्ल आणि टॅनिनच्या बळावर, पासपोर्टावर नाही. बोर्दोच्या वाइन तेव्हा मेलेल्या नव्हत्या. पण ‘आम्हीच टिकू’ हा दावा तीन दशकांत खोटा ठरला.

नाशिककडची गोष्ट अर्थात वेगळी आहे. तिथे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी करून उन्हाळ्याच्या तोंडावर द्राक्षं उतरवतात. त्यांची बहुतेक वाइन जगातल्या बहुतेक वाइनसारखीच एक-दोन वर्षांत पिण्यासाठी बनवलेली असते. तेव्हा कुणी बाटली भेट दिलीच, तर ‘जुनी तेवढी भारी’ म्हणून ती माळ्यावर टाकू नका. मे महिन्यातल्या चाळीस अंशांत ती मुरणार नाही, शिजेल.