पिकअपची पाठ खाली बसवताना

आपल्याकडे पिकअप म्हटली की भाजीच्या करंड्या, सिमेंटची पोती किंवा मंडपाचे साहित्य डोळ्यांपुढे येते. रिकामी असताना अशा गाडीची मागची बाजू उंच दिसते. ओझे पडल्यावर ती समपातळीत यावी, म्हणून कारखान्यातच तशी सोय केलेली असते. अमेरिकेत मात्र पिकअप घरच्या मोटारीसारखीही वापरतात आणि तिथल्या हौशी मालकांना ही उंच पाठ खुपते. ती खाली आणण्याचे तयार संच तिथे बाजारात मिळतात.

गाड्या खाली बसवण्याची ही हौस दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लॉस एंजेलिसमध्ये फोफावली. मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या मोटारींच्या डिकीत वाळूची पोती ठेवून त्या खाली बसवत. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात कायदा आला. गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये, असे त्यात होते. हे बंधन १ जानेवारी २०२४ पासून उठले.

यामागचे तत्त्व सोपे आहे. मागचा अ‍ॅक्सल आणि चॅसी यांना कमानीचे पाटे जोडतात. पाट्यांची टोके धरणारे शॅकल व हँगर बदलले की गाडी साधारण २ ते ४ इंच खाली येते. मोठ्या अमेरिकन पिकअपमध्ये बहुधा पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतात. ते अ‍ॅक्सलच्या खाली घेतले की ५-६ इंचांचा फरक पडतो. पुढची चाके अडवायची, चॅसी घोड्यांवर टेकवायची, अ‍ॅक्सलला जॅकचा आधार द्यायचा आणि मग यू-बोल्ट सोडायचे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, म्हणून जोडताना नवेच वापरतात.

पण एवढ्याने काम संपत नाही. अ‍ॅक्सल चॅसीच्या जवळ आल्याने खड्ड्यात तो थेट चॅसीवर आदळू शकतो. म्हणून जास्त खाली आणलेल्या गाडीच्या चॅसीला अर्धगोल खाच पाडून तिथे जाड पोलादी पट्टी बसवावी लागते. शॉकअब्सॉर्बर आखूड घ्यावे लागतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन पाचर घालून सुधारला नाही, तर गाडी थरथरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये चॅसीवर एक व्हॉल्व्ह असतो आणि तो एका दांडीने अ‍ॅक्सलशी जोडलेला असतो. चॅसी आणि अ‍ॅक्सल यांतील अंतरावरून तो गाडीत किती ओझे आहे हे ओळखतो आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब देतो. गाडी खाली आणून दांडी तशीच ठेवली, तर रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते. मग जोरात ब्रेक दाबताच मागची चाके जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी आडवी फिरते.

आपल्याकडे प्रकार नेमका उलटा. जादा माल भरता यावा म्हणून काही मालक एक-दोन पाटे वाढवून घेतात. त्यामुळे भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाटाच्या उतारावर, पाठीशी दोन टन माल असताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

तेव्हा घरातल्या कुणी गाडीची उंची बदलण्याचा विषय काढला, तर खर्चाआधी एवढेच विचारावे: त्या व्हॉल्व्हचे काय करणार? गॅरेजवाल्याला उत्तर देता आले नाही, तर गाडी आहे तशीच घरी आणावी.