एका कागदात एक कॅटलॉग

सकाळी ६
पाऊस थांबलाय. चिंचणीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपर्यंत, समुद्राने रात्रीत आणून टाकलेला कचरा पसरलाय. त्यात फ्लेक्सचा एक फाटका तुकडा. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यावर अजून वाचता येतात. आठ दिवसांनी गावात आमचं निसर्गचित्रांचं प्रदर्शन आहे. मांडणी आणि कॅटलॉग माझ्याकडे. ज्या किनाऱ्याची चित्रं लावायची, त्याच्याच वाळूत प्रदर्शनाचा कचरा येऊन पडायला नको. तुकडा पिशवीत टाकते.

सकाळी ८
चित्रकारांना चौरस कॅटलॉग हवा होता, ९ बाय ९ इंचांचा. छपाईचा कागद मिळतो २३ बाय ३६ इंची. त्यात असे ८ चौरस बसतात आणि ५ इंच रुंद, ३६ इंच लांब पट्टी उरते. म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त कागद छपाईआधीच रद्दीत. तोच कागद मी टेबलावर पसरून चार वेळा दुमडते: १६ पानं, ३२ पृष्ठं, आपल्या पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार. कडा साफ करण्यापुरता काय तो कागद जातो. शेवटची घडी आखूड बाजूला घातली की पुस्तक आडवं होतं, चित्रांसारखंच. एका कागदात एक कॅटलॉग.

सकाळी १०:३०
बोईसरचा छापखाना. ३०० प्रती.
“मॅडम, लॅमिनेशन नाही केलं तर कव्हर मळेल.”
“मळू दे, दादा. लोकांनी हाताळलं तरच मळेल ना?”
लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म. मग त्या कागदाचा पुन्हा लगदा करणं अवघड. कव्हरसाठी पुण्याच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांपासून केलेला कागद ठरलाय. बांधणी दोऱ्याची. कव्हरवर शाई नाहीच. चिंचणीत बऱ्याच घरांत दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, बनतात. तशाच एका कारागिराने नावाचा डाय कोरून दिलाय. त्याचा दाब दिला की अक्षरं कागदातूनच उठून येतात. कव्हरवर हिरवं पान छापून पुस्तक पर्यावरणस्नेही होत नाही. आकार, प्रती आणि बांधणी ठरवताना जे वाचवाल, तेच खरं वाचतं.

दुपारी २
हॉलच्या भिंतींना श्रावणातली ओल आहे, त्यावर जलरंगाची चित्रं टेकवायची नाहीत. सनबोर्डच्या पार्टिशनचा खर्च विचारून झाला होता, पण सनबोर्ड म्हणजे पुन्हा प्लास्टिकच. उत्तर शेजारच्या मांगेलवाड्यात, मासेमारांच्या वस्तीत सापडलं. बोंबील वाळवायचे बांबू पावसाळ्यात मोकळे असतात. ते सुतळीने बांधून भिंतीपासून हातभर पुढे चौकटी उभ्या केल्या. चित्रांच्या मागून वारा खेळेल. खिळा एकही नाही.
“पाऊस सरला का बोंबील येतील. त्याच्या आधी आणून दे गं,” बांबू देणाऱ्या काकींनी बजावलंय.

दुपारी ४
दारावरचा फलक. मांजरपाटावर गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठात डिंक घालून केलेला पांढरा रंग. बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने अक्षरं काढतेय. ही रीत आमच्या डहाणू भागातल्या वारली लोकांची. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तिच्यातूनच वारली कला जगभर नेली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. फलकावर तारीख लिहीत नाही. ती वेगळ्या चिंधीवर टाचली, म्हणजे पुढच्या वर्षी हेच कापड चालेल.

संध्याकाळी ६
कॅटलॉगचा मजकूर. नुसत्या नारळी आणि लाटा लिहिल्या तर ते अर्धसत्य होईल. तारापूरचं अणुवीजकेंद्र १९६९ पासून शेजारी आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. चित्रातली प्रत्येक जागा या दोन गोष्टींच्या मधोमध जगतेय. शेवटच्या पानावर कागद, बांधणी आणि प्रतींचा हिशेब छापायचा, म्हणजे पुढच्या माणसाला तो वापरता येईल.

रात्री ९
संपल्यावर काय कुठे जाईल याची यादी करते. बांबू काकींकडे, फलक पेटीत, पुस्तकं घरोघरी. सकाळचा फ्लेक्सचा तुकडा धुऊन दोरीवर टाकलाय. बाहेर पाऊस पुन्हा लागलाय. उद्या चित्रं हॉलवर न्यायची आहेत. सगळ्यात लहान चित्र त्या तुकड्यात बरोबर गुंडाळलं जाईल.