थोड्या पाण्यावर टरबूज : कलमी रोपांचा उपाय

नागपूर भागात माघ सरला की विहिरींचे पाणी उतरू लागते आणि टरबुजाच्या वेलास पाणी हवे असते ते नेमके तेव्हाच. अशा ठिकाणी दुधी भोपळ्याच्या खुंटावर बांधलेले टरबुजाचे कलम लावून पाहावे. जपानात ही पद्धत १९२० च्या दशकात मर रोगावर उपाय म्हणून निघाली. भोपळ्याची मुळे जोमदार असून दूरवरची ओल घेतात.

कलम बांधल्यावर रोपे आठवडाभर सावलीत, दमट हवेत ठेवावीत. लावताना सांधा मातीच्या वर राहू द्यावा; तो गाडला गेल्यास टरबुजास स्वतःची मुळे फुटून कलमाचा लाभ जातो. खुंटास फुटणारे भोपळ्याचे कोंब वेळीच खुडावेत. बुंध्याशी आच्छादन करून पाणी ठिबकने द्यावे.

कलमी वेलासही पाणी लागतेच. म्हणून चैत्रात विहिरीत किती पाणी राहते हे पाहूनच शेतकरी बंधूंनी वेलांची संख्या ठरवावी.