हिरवे कुंपण

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, देहूच्या उत्तरेस, सुदुंबरे हे गाव वसले आहे. संत तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे संत संताजी जगनाडे महाराज यांची समाधी या गावी आहे. म्हणून वारकरी येथे भक्तिभावाने येतात. गावाजवळून तळेगाव-चाकण मार्ग जातो. या मार्गावर आता कारखान्यांच्या अवजड वाहनांची सतत वर्दळ असते. त्यांच्याबरोबर धूळ येते, कर्कश आवाज येतो. अशा रस्त्यालगत घर बांधणाऱ्या माणसाला प्रथम आठवते ती उंच भिंत. परंतु आडोसा करावयाचा तर भिंतच हवी काय?

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. तो शेताच्या कडेने झाडाझुडपांचे जिवंत कुंपण लावीत आला. ही झाडे त्याने विचारपूर्वक निवडली. निवडुंग आणि घायपात काट्यांनी वाट अडवितात. शेराच्या फांदीतून निघणारा पांढरा चीक डोळ्यांना अपायकारक असतो. म्हणून गुरे त्याच्या वाटेस जात नाहीत. निर्गुडी व अडुळसा यांचा पाला जनावरे सहसा खात नाहीत. मेंदी छाटावी तितकी दाट होते. कुंपणच शेत खाऊ लागले तर रक्षण कोण करणार, ही म्हण ज्याच्या तोंडी आहे, तो कुंपणाचे झाड पारखूनच घेणार!

जिवंत कुंपणाचा एक गुण भिंतीत नाही. वारा भिंतीवर आदळला की वर उसळतो आणि पलीकडे भोवरे करीत खाली येतो. पानाफांद्यांच्या कुंपणातून मात्र थोडा वारा गाळून पार होतो, त्याचा जोर मोडतो आणि भोवरे कमी उठतात. अशा कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या सुमारे दसपट अंतरापर्यंत जाणवतो. कुंपण दोन मीटर उंच असेल, तर जवळजवळ वीस मीटरपर्यंतच्या रोपांना त्याचा लाभ मिळतो.

वाऱ्याचा वेग मंदावला की त्याच्याबरोबर आलेली धूळ खाली बसते. काही पानांना चिकटते व पहिल्या पावसात धुऊन जाते. आवाजाचे मात्र तसे नाही. झुडपांची एकच पातळ ओळ रस्ता दृष्टीआड करील, पण आवाज फारसा अडविणार नाही. त्यासाठी अनेक रांगांचा रुंद, दाट पट्टा लागतो. रस्त्याकडे झुडपे, त्यांच्या मागे मध्यम झाडे व सर्वांच्या मागे उंच वृक्ष अशी रचना करतात. पुढच्या रांगेत जेथे फट असेल, तेथे मागच्या रांगेतील रोप लावतात. बकुळ व जांभूळ यांसारखी सदाहरित झाडे येथे विशेष उपयोगी पडतात. कारण धूळ उन्हाळ्यात अधिक उडते आणि नेमक्या त्याच वेळी कित्येक झाडे पाने टाकून उघडी पडतात.

खेड्यात जे रूढीने होत असे, ते शहरात नियमाने करावे लागते. शहरात जागा थोडी, माणसे पुष्कळ. एकाने झाड तोडले तर सावली अनेकांची जाते. म्हणून महाराष्ट्रात १९७५ साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार महानगरपालिका व नगरपालिका यांच्या क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण असते आणि परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना विशेष संरक्षण मिळाले. २०२० साली आलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार, चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जागेचा विकास करताना सामान्यतः किमान दहावा हिस्सा मोकळा ठेवावा लागतो. हिरवाईला जागा मिळते ती अशा तरतुदींमुळे.

नियम केवळ झाडे लावा एवढेच सांगून भागत नाही. रस्त्याच्या वळणावर कुंपण उंच वाढले तर समोरून येणारे वाहन दिसत नाही. तेथे ते ठेंगणे राखावे लागते. विजेच्या तारांखाली उंच वाढणारे वृक्ष लावीत नाहीत. जे झाड एके ठिकाणी रक्षक ठरते, तेच दुसऱ्या ठिकाणी संकट आणू शकते.

सुदुंबऱ्याचा कारभार ग्रामपंचायत पाहते. तथापि मावळ तालुका २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात येतो. शहर अशा गावांच्या वेशीपर्यंत पोहोचत आहे. जमिनीचे भूखंड पडतात, तेव्हा जुनी कुंपणे प्रथम तोडली जातात. वीस वर्षांत दाट झालेले कुंपण एका दुपारी नाहीसे होते. त्याच्या जागी लावलेल्या रोपांना पुन्हा तेवढी उंची गाठण्यास वर्षे लागतात. मावळात पाऊस भरपूर पडतो, परंतु उन्हाळ्यात माती कोरडी पडते. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला पाणी घालावे लागते आणि शेळ्यांपासून त्याचे रक्षण करावे लागते.

रोप लावण्याची सक्ती नियम करू शकतो. वैशाखाच्या उन्हात त्याच्या मुळाशी पाण्याची घागर ओतणारा हात मात्र जवळच राहणाऱ्या माणसाचा असावा लागतो. असे हात जेथे आहेत, तेथे हिरवे कुंपण घराला आडोसा देते आणि पाखरांनाही आसरा देते.